लॉबीतला फिशटँक आणि सांध्यांचा इतिहास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला ‘सोसायटीचा पंचवीस वर्षांचा आर्थिक प्रवास’ या विषयावर लिहायला सांगितले होते. सात वर्षे खजिनदार होतो, शिवाय बँकेत सदतीस वर्षे आकडेच पाहिले, तेव्हा विषय माझ्याकडे येणार हे उघडच होते. पण ताळेबंद दरवर्षी अहवालात छापून तुमच्या घरी येतातच. ते कितीजण वाचतात हे मला ठाऊक आहे! म्हणून संपादकांची परवानगी काढून मी दुसराच इतिहास लिहितो आहे. तो आहे लॉबीतल्या आपल्या फिशटँकचा, नेमके सांगायचे तर त्याच्या सांध्यांचा. त्यात माझी एक चूकही आहे, आणि ती माझ्या हाताने नोंदवलेली बरी.

आपल्यापैकी बहुतेकांना टँक माहीत आहे तो मुलांना जेवू घालायची जागा म्हणून. संध्याकाळी साडेसातला लॉबीत वरणभाताच्या चार तरी वाट्या दिसतात. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि पाण्याची खोली अडीच फूट. सोसायटीच्या पंधराव्या वर्धापनदिनाला तो बसवला. काच नव्हे, ॲक्रिलिक. आत चारही कोपऱ्यांत आणि तळाच्या कडेने एक बारीक तिकोनी पट्टी बसवलेली दिसते. ‘आजोबा, ही पट्टी कशाला?’ असे बी विंगमधल्या एका चिरंजीवांनी मला विचारले. त्याला तेव्हा दिलेले उत्तर फारच त्रोटक होते. पूर्ण उत्तर असे.

काचेवरचा कर आणि माशांचे घर

मासे पाळणे माणसाला नवे नाही. मंदिरांच्या पुष्करण्या, राजवाड्यांतले हौद, चीनमधले सोनेरी माशांचे चिनीमातीचे मोठे कुंडे, हे सगळे जुनेच. पण त्यात मासा दिसायचा तो वरून. त्याला बाजूने बघायचे तर भिंत पारदर्शक हवी आणि ती पाण्याचा भार सोसणारी हवी. इथून गोष्ट सुरू होते.

१८३२ साली सिसिली बेटावर झान व्हिलप्रे-पॉवर या फ्रेंच बाईंनी समुद्री जीवांचा अभ्यास करण्यासाठी काचेच्या पेट्या करून घेतल्या. आधी त्या पॅरिसमध्ये शिवणकाम करत, लग्नाचे पोशाख भरत. पुढे त्यांनी प्राणिशास्त्र शिकून घेतले. शिवणकाम करणाऱ्या हातांनी पाण्याच्या पेटीचा विचार करावा, याचे मला मोठे अप्रूप वाटते. शेवटी प्रश्न शिवणीचाच होता.

इंग्लंडमध्ये तेव्हा काचेवर जबर कर होता. तो १८४५ साली उठला आणि काच स्वस्त झाली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा मेळ नीट बसवला तर टाकीतले पाणी बराच काळ चांगले राहते. १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी ‘फिश हाऊस’ उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘दि ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले, तो शब्द रूढ झाला आणि घरोघरी टाक्या ठेवायचे वेडच लागले.

त्या टाक्यांची बांधणी कशी होती? तळाला पाटीचा दगड, कोपऱ्यांत लोखंडाचे किंवा दगडाचे खांब, मधे काचा, आणि काच-लोखंडाच्या फटीत लांबी. खिडकीच्या काचेला सुतार लावतो तीच, खडूची पूड आणि जवसाचे तेल मळून केलेली. कुठे त्यात शेंदूर किंवा सफेदा घालत, म्हणजे ती घट्ट बसे. पण शेंदूर काय किंवा सफेदा काय, दोन्ही शिशाचीच संयुगे. ती पाण्यात उतरली की माशांना विष. शिवाय टाकी रिकामी ठेवली तर लांबी वाळून तडकायची, लोखंड गंजून फुगायचे आणि काच दाबायचे. म्हणजे टाकी गळायची ती काच फुटून नव्हे, सांधा सुटून.

जवळजवळ शंभर वर्षे असेच चालले. आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाले. माझ्या पिढीच्या कितीतरी मुलांचे पहिले ‘समुद्राच्या आतले’ दर्शन तिथलेच. मामाचे बोट धरून मी तिथे गेलो होतो आणि काचेला नाक लावून उभा राहिलो होतो. मासे पाहिले, पण काच कशाने धरली आहे हे बघायची बुद्धी तेव्हा कुठली!

सिलिकॉनने लोखंड हटवले

१९६० च्या दशकात सिलिकॉनचे सीलंट टाक्यांसाठी वापरात आले. आज आपण बाथरूमच्या कडेला, खिडकीच्या स्लायडिंगला लावतो, आणि लावताना शिरक्यासारखा आंबूस वास येतो, तेच. ते काचेला असे घट्ट धरते, की लोखंडी चौकटीची गरजच उरली नाही. पाच काचा आणि मधे रबरासारखा सांधा, झाला टँक. जगभरच्या घरांतले आणि दुकानांतले काचेचे फिशटँक आज याच पद्धतीचे आहेत.

पण काचेची अडचण आकार वाढला की सुरू होते. काच जड. पाण्याच्या अडीचपट तिची घनता. जाड काचेला हिरवट झाक येते. वाकवणे अवघड. आणि काच फुटली की सूचना न देता फुटते.

इथे एक हिशेब सांगतो, कारण तो मला स्वतःला फार उशिरा कळला. आपल्या टँकमध्ये सुमारे ८५० लिटर पाणी आहे, म्हणजे ८५० किलो वजन. ते सगळे स्टँडवर. पण समोरच्या भिंतीला पाणी बाहेर ढकलते तो जोर वेगळा. तो भिंतीच्या लांबीवर आणि पाण्याच्या खोलीवर ठरतो, टँक मागेपुढे किती रुंद आहे यावर ठरत नाही. आपल्या समोरच्या भिंतीवर तो सुमारे सव्वापाचशे किलो येतो. खोली दुप्पट केली, म्हणजे पाच फूट, तर हा जोर दुप्पट नाही, चौपट होतो, दोन टनांच्या वर. चक्रवाढ व्याज शिकवणाऱ्या माणसाला हे लगेच पटायला हवे होते! आणि जोर सगळीकडे सारखा नसतो. वर कमी, तळाशी जास्त. म्हणून सगळ्यात जास्त ताण बसतो तो तळाच्या सांध्यावर, आणि वरची कड पोट सुटल्यासारखी बाहेर फुगू बघते.

लढाऊ विमानापासून डोळ्यातल्या भिंगापर्यंत

ॲक्रिलिकचा जन्म १९३० च्या दशकातला. जर्मनीत ओटो रोम यांच्या कंपनीने १९३३ साली ‘प्लेक्सिग्लास’ हे नाव नोंदवले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये आयसीआय या कंपनीने ‘पर्स्पेक्स’ काढले. पदार्थ एकच. काचेच्या निम्म्याहून कमी वजन, प्रकाश ९२ टक्के आरपार जातो, गरम केले की वाकते आणि काचेसारखे चटकन फुटत नाही. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांवरची पारदर्शक झाकणे याचीच होती.

त्या झाकणांचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. हॅरोल्ड रिडली या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या लक्षात आले, की हे तुकडे डोळा सहन करतो, लाल होऊन बाहेर टाकत नाही. त्यावरून त्यांनी १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात ॲक्रिलिकचे भिंग बसवले. आज बसवतात त्या घडी घालता येणाऱ्या भिंगांपैकीही बरीचशी याच कुळातली. आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर निम्म्याहून अधिक मंडळींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. म्हणजे बाकावर बसून फिशटँक पाहताना आपण बहुधा ॲक्रिलिकमधूनच ॲक्रिलिक पाहत असतो!

मत्स्यालयांच्या दृष्टीने मात्र ॲक्रिलिकचा खरा गुण वेगळाच. काचेचा तुकडा काचेला जोडताना मधे तिसरा पदार्थ लागतो, लांबी नाहीतर सिलिकॉन. ॲक्रिलिकला ॲक्रिलिक जोडताना मात्र सांधा त्याच पदार्थाचा करता येतो. याच्या दोन रीती आहेत. एक, क्लोरोफॉर्मसारखे पातळ द्रावक फटीत सोडायचे. ते दोन्ही कडा किंचित विरघळवते आणि उडून गेले की कडा एकजीव होतात. आपल्याकडे नावाच्या पाट्या आणि शोकेस करणारे कारागीर हेच करतात. दुसरी रीत मोठ्या कामाची. ॲक्रिलिक ज्या द्रवापासून तयार होते तोच द्रव दाटसर करून, त्यात दुसरे औषध मिसळून सांध्यात ओतायचा. तो तिथेच घट्ट होऊन नवे ॲक्रिलिक तयार होते. सोनार डाग देतो तसे नव्हे, तुटलेले हाड सांधते तसे.

अमेरिकेच्या नौदलाने १९७० साली ‘नीमो’ नावाची छोटी पाणबुडी बांधली. तिचा माणूस बसायचा गोल पारदर्शक होता, साडेपाच फूट व्यासाचा आणि अडीच इंच जाडीचा. तो एकसंध ओतलेला नव्हता. वाकवलेले बारा पंचकोनी तुकडे चिकटवून तो केला होता. फुटबॉल शिवतात, तसा. माणसाचा जीव त्या शिवणीच्या भरवशावर समुद्रात उतरला आणि शिवणीने साथ दिली. त्यानंतर मोठ्या मत्स्यालयांची हिंमत वाढली.

१९८४ मध्ये कॅलिफोर्नियात माँटेरे बे मत्स्यालय उघडले. तिथल्या २८ फूट उंच टाकीच्या ॲक्रिलिक खिडक्या सुमारे सात इंच जाड आहेत. २००२ साली जपानच्या ओकिनावा बेटावरच्या चुराउमी मत्स्यालयात निप्पुरा या जपानी कंपनीने ८.२ मीटर उंच आणि २२.५ मीटर रुंद खिडकी बसवली, जाडी ६० सेंटिमीटर. दोन फूट जाड भिंत आणि पलीकडे देवमाशासारखा प्रचंड व्हेल शार्क पोहतो आहे! एवढी जाडी एका ओतीव ठोकळ्यात मिळत नाही. अनेक शीट एकावर एक चिकटवून ती करतात आणि तुकडे जागेवर जोडतात. २००८ साली दुबईच्या मॉलमध्ये त्याहून मोठी आली, ३२.८८ मीटर रुंद, ८.३ मीटर उंच, ७५ सेंटिमीटर जाड. आपल्या तारापोरवालाचेही २०१५ मध्ये नूतनीकरण झाले, तेव्हा तिथे ॲक्रिलिकचा बोगदा आला. नातीला घेऊन गेलो होतो. या वेळी मी मासे कमी आणि बोगद्याच्या कडा जास्त पाहिल्या.

आता याच मालिकेतली दुसरी बाजू. फेब्रुवारी २०१० मध्ये त्या दुबईच्या टाकीतून पाणी आले. मॉलचा तो भाग रिकामा करून पाणबुड्यांकरवी काम करून घ्यावे लागले. गळती कुठून झाली? भिंतीतून नव्हे, दोन पॅनेलच्या जोडातून. बँकेत आम्ही म्हणायचो, कर्जदाराची कागदपत्रे कितीही चकचकीत असली तरी जामीनदार तपासा. टाकीत भिंत हा कर्जदार आणि सांधा हा जामीनदार. एकट्या सांध्याची ताकद अखंड शीटपेक्षा कमीच धरतात, म्हणून त्याला आधार देतात.

सांधा बळकट करतात म्हणजे काय करतात

सांधा थकतो कशाने, ते आधी सांगतो. पहिले कारण, जोडताना राहिलेले हवेचे बुडबुडे. तिथे तेवढी जागा मुळात जोडलेलीच नसते. दुसरे, कापताना आणि घासताना कडेत कोंडलेला ताण. चांगले कारखाने यासाठी तयार भाग ८० अंशांच्या आसपास तापवून अगदी सावकाश गार करतात, म्हणजे हा ताण निघून जातो. तिसरे, चुकीची सफाई. काच पुसायचे अमोनियाचे द्रावण किंवा स्पिरिट ॲक्रिलिकला लावले की ताणाच्या जागी केसासारख्या बारीक पांढऱ्या भेगांचे जाळे उठते. चौथे, स्टँड. ॲक्रिलिकच्या टँकला तळ पूर्ण टेकलेला लागतो. एक कोपरा अधांतरी राहिला तर सगळा पीळ सांध्यात जातो.

उपाय तीन. एक, आतल्या प्रत्येक कोपऱ्यात तिकोनी पट्टी दाट चिकटद्रवाने बसवणे. सांध्याची रुंदी वाढते आणि पाण्याचा रेटा एका रेषेवर न येता पसरतो. पट्टी आतून असली की पाणीच तिला भिंतीवर दाबून धरते. दोन, वरच्या कडेला आतल्या बाजूने रुंद सपाट चौकट, म्हणजे भिंतीचे पोट सुटत नाही. तीन, तळाखाली जाड प्लाय आणि त्यावर मऊ थर. वरवर सोपा दिसणारा चौथा उपाय म्हणजे सिलिकॉन फासणे. तो ॲक्रिलिकला चालत नाही. सिलिकॉन काचेला धरते तसे ॲक्रिलिकला धरत नाही, काही दिवसांनी सालीसारखे सुटून येते. वर आपल्याला वाटते काम झाले!

माझी चूक

आता आपल्या टँककडे येतो. टँक बसवून सहा-सात वर्षे झाली असतील. सफाईला येणाऱ्या मुलाने एक दिवस मला बोलावून मागचा डावा कोपरा दाखवला. तळापासून वर जाणारी पांढरी रेघ होती, दोन बोटे लांब. म्हणाला, ‘काका, जॉइंट थकलाय. आतून पट्ट्या मारून घ्या. अठरा हजार होतील.’

मी विचारले, ‘पाणी गळतंय का?’

‘नाही गळत.’

‘मग पुढच्या वर्षी बघू.’

त्या वर्षी गच्चीचे वॉटरप्रूफिंग होते, लिफ्टचा दोर बदलायचा होता. माझे कारण खोटे नव्हते. पण खरे सांगायचे तर मी सांधा बघितलाच नाही, आकडा बघितला. समितीत विषय निघाला तेव्हा मीच म्हणालो, की चांगल्या दिसणाऱ्या टँकमध्ये पट्ट्या मारल्या तर तो ठिगळ लावल्यासारखा दिसेल. इतिवृत्तात ‘विषय पुढे ढकलण्यात आला’ असे वाक्य आहे. ते माझ्याच अक्षरात आहे.

१६ डिसेंबर २०२२, शुक्रवार. बर्लिनमधल्या एका हॉटेलच्या लॉबीत ‘ॲक्वाडोम’ नावाचे दंडगोल मत्स्यालय होते, पायासकट सुमारे २५ मीटर उंच, मधून पारदर्शक लिफ्ट जायची. दहा लाख लिटर पाणी, सुमारे पंधराशे मासे. पहाटे सहाच्या सुमारास ते एकाएकी फुटले. पाणी लॉबीतून रस्त्यावर आले, दरवाजे आणि फर्निचर वाहून गेले. दोन माणसे जखमी झाली. पहाट होती म्हणून तेवढ्यावर निभावले. दिवसाउजेडी तिथे लहान मुले उभी असायची. बहुतेक सगळे मासे मेले. ते बांधकाम वीस वर्षांचेसुद्धा झाले नव्हते. आपण पंचवीस वर्षांचा उत्सव करतो आहोत, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला.

नातीने मला मोबाइलवर ती दृश्ये दाखवली. ती म्हणाली, ‘आजोबा, आपल्या लॉबीसारखंच आहे ना?’ आपला टँक त्याच्या हजाराव्या हिश्शाएवढाही नाही. पण त्या रात्री मला झोप लागेना. अकरा वाजता बॅटरी घेऊन खाली गेलो. वॉचमन दचकला. ‘साहेब, काय झालं?’ म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून टँक भिंतीपासूनच्या फटीतून पाहिला. बॅटरी तिरपी धरली की भेग चमकते, हे त्या दिवशी कळले. दोन बोटांची रेघ एक वीत झाली होती.

सकाळी सातला अध्यक्षांच्या घरी गेलो आणि सांगितले, की ठराव नंतर करू, आज पाणी काढू.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. मासे निळ्या पिंपांत आणि घरोघरच्या टबांत गेले. ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी बाथरूममधला टब आठवडाभर माशांना दिला आणि घरातल्या सगळ्यांना बादलीने आंघोळ घातली. मुलांनी वेळापत्रक करून हवेचे पंप सांभाळले. टँक टेबलफॅन लावून पूर्ण सुकवला, कारण ओल्या सांध्यात चिकटद्रव धरत नाही. कारागिराने पातळ क्लोरोफॉर्म वापरले नाही. भेगाळलेल्या सांध्यात ते शिरले तर भेगा वाढतात, असे तो म्हणाला. दोन औषधांचा दाट चिकटद्रव वापरून त्याने पट्ट्या बसवल्या. वास उग्र आणि घातक, म्हणून लॉबीची दारे सताड उघडी ठेवून मुलांना दोन दिवस मागच्या जिन्याने पाठवले. वरची चौकट रुंद केली. मग आठवडाभर टँक नुसता ठेवला. पाणी भरले तेही तीन टप्प्यांत, प्रत्येक टप्प्यानंतर एक दिवस थांबून आणि बॅटरीने पाहून. खर्च आला सव्वीस हजार. पुढे ढकलल्याचे आठ हजार जास्त. ते मी माझ्या खात्यातून सोसायटीला दिले. समिती नको म्हणत होती, पण मला त्याची पावती हवी होती. ती जपून ठेवली आहे.

बर्लिनचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे, नाहीतर इतिहास अर्धा राहील. २०२३ मध्ये तज्ज्ञाचा अहवाल आला. त्याने तीन शक्यता सांगितल्या. एक, चिकटवलेला सांधा निकामी झाला. दोन, काही काळ आधी झालेल्या नूतनीकरणात तळाजवळ ॲक्रिलिकला खाच पडली आणि तिथून भेग गेली. तीन, त्या कामासाठी टाकी रिकामी ठेवली असताना ॲक्रिलिक वाळले आणि पुन्हा भरल्यावर त्याला ते सोसले नाही. तिन्हींपैकी नेमके कोणते, हे ठरवता आले नाही. तुकड्यांचा ढीग उरला की सांध्याला विचारणार कोण?

त्यातल्या दोन शक्यता दुरुस्तीच्याच आहेत, हे लक्षात घ्या. म्हणून ‘दुरुस्ती करा’ एवढेच सांगून भागत नाही. वेळेवर, जाणत्या माणसाकडून आणि घाई न करता करा, असे म्हटले पाहिजे. आपला कारागीर पाणी तीन टप्प्यांत का भरतो, यावर मी तेव्हा कुरकुर केली होती. तीही चूकच.

आज टँकच्या मागे एक वही लटकवलेली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बॅटरी तिरपी धरून आठही सांधे पाहायचे, चार उभे आणि चार तळाचे. वहीत तारीख घालून सही करायची. आजवर एकही महिना चुकलेला नाही. दुरुस्त झालेल्या कोपऱ्यात जुनी पांढरी रेघ अजून दिसते, पण ती वाढलेली नाही. पट्टीच्या शेजारी मी मार्करने खूण केली आहे, म्हणजे वाढली तर कळेल.

माझ्या सह्यांनी वही निम्मी भरली. गुडघ्यांमुळे आता मला मागच्या फटीत वाकता येत नाही, तळाचे सांधे माझी नातच पाहते आणि मी सही करतो. हे नियमात बसत नाही, कबूल आहे. तेव्हा येत्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता ज्यांना हे काम शिकायचे असेल त्यांनी लॉबीत यावे. बॅटरी माझ्याकडे आहे. पट्टी कशाला, असे विचारणाऱ्या बी विंगमधल्या चिरंजीवांनाही आग्रहाचे आमंत्रण आहे. आता ते आठवीत आहेत, सही करता येते.